समुपदेशनाचे कौशल्य कसे वाढवावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी कौटुंबिक वैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण घेत आहे. निदान आणि औषधयोजना वरिष्ठांकडून शिकायला मिळते. मात्र दारू सोडण्याबाबत द्विधा मनःस्थितीत असलेल्या रुग्णाशी मोजक्या मिनिटांत कसे बोलावे, याचे मार्गदर्शन फारसे होत नाही.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या प्रेरणात्मक मुलाखतीच्या पद्धतीबद्दल मी वाचले आहे. खुले प्रश्न विचारावेत, रुग्णाचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवावे आणि बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, हे पटते. पण बाहेर रांग असताना सल्ला देण्याची घाई आवरत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण ज्ञानाची नसून या सवयीची आहे.

रुग्णाच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रित करून वरिष्ठांसोबत ऐकणे, सहकाऱ्याला रुग्णाची भूमिका देऊन सराव करणे, किंवा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील नात्यावर चर्चा करणारा, मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांच्या धर्तीवरचा डॉक्टरांचा गट जमवणे, यांपैकी कशाचा आपल्याला प्रत्यक्ष उपयोग झाला? (शेवटचा पर्याय मला आकर्षक वाटतो, पण अनुभवी मार्गदर्शकाशिवाय तो चालेल का, ही शंका आहे.) तसेच सौम्य नैराश्याच्या रुग्णाला स्वतः कुठवर सांभाळावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे केव्हा पाठवावे, हे आपण कसे ठरवता, तेही कृपया कळवावे.