मदत हवी आहे: स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ‘न्यूरोएंडोक्राइन’ लिहिलंय

नमस्कार. माझी मावशी डिचोलीला असते, वय 62. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली म्हणून म्हापशात बायोप्सी केली. रिपोर्ट: ‘इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा विथ न्यूरोएंडोक्राइन डिफरन्सिएशन’, म्हणजे आजूबाजूला घुसणारा कॅन्सर, ज्याच्या पेशींत न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन सोडणाऱ्या, मज्जापेशींसारख्या) पेशींची लक्षणं दिसतात. सिनॅप्टोफायसिन (अशा पेशी ओळखायचा मार्कर, म्हणजे खुणेचं प्रथिन) पॉझिटिव्ह, ईआर-पीआर (हॉर्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) निगेटिव्ह. डॉक्टरांनी छातीचा आणि पोटाचा सीटी सांगितलाय, त्यामुळे घरचे सगळे हादरलेत. गाठ स्तनात, मग पोट कशाला? पसरलाय का?

मी वाचलं त्यात आणखी गोंधळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या वर्गीकरणात निम्म्याहून जास्त पेशींत मार्कर हवे होते, 2012 ला ती अट गेली, 2019 ला पुन्हा नवे निकष आले. मावशीच्या रिपोर्टवर टक्केवारीच नाही. हा नेहमीचाच स्तनाचा कॅन्सर धरायचा की वेगळा? औषधं बदलतात का? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा, मावशी रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतिसाद:
मी पॅथॉलॉजीत काम करते. स्लाइड न बघता निदान सांगणार नाही, पण सीटीचं आधी सांगते. पसरलाय म्हणूनच सांगितला असं समजू नका. फुफ्फुसाची किंवा आतड्याची न्यूरोएंडोक्राइन गाठ क्वचित स्तनात येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली अगदी अशीच दिसते. उपचार मात्र पूर्ण वेगळे, म्हणून मूळ कुठलं ते पक्कं करावंच लागतं. ईआर आणि गाटा-3 (स्तनाच्या पेशींत सापडणारा मार्कर) पॉझिटिव्ह असणं स्तनाच्या बाजूने जातं. टीटीएफ-1 (फुफ्फुसाकडे बोट दाखवणारा) किंवा सीडीएक्स-2 (आतड्याकडे बोट दाखवणारा) पॉझिटिव्ह आले तर इतरत्र शोधायचं. हे डाग (मार्कर दाखवणाऱ्या रंगाच्या तपासण्या) केलेत का, विचारा.

2019 प्रमाणे गाठीचा 90 टक्क्यांहून जास्त भाग न्यूरोएंडोक्राइन रचनेचा असेल तरच गाठीला ‘न्यूरोएंडोक्राइन’ हे नाव लागतं. 10 ते 90 असेल तर मिश्र, त्याखाली नेहमीचाच कॅन्सर. नुसता मार्कर पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, कारण साध्या स्तनाच्या कॅन्सरमध्येही तो येतो. स्मॉल सेल किंवा लार्ज सेल (न्यूरोएंडोक्राइन कॅन्सरचे जास्त आक्रमक) प्रकार निघाला तर केमोची दिशा बदलते. तो नसेल तर उपचार बहुतेक ईआर, पीआर, हर-टू आणि स्टेज बघूनच ठरतात, हॉर्मोनच्या गोळ्यांसकट.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्या. नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून मेणाचे ब्लॉक (ज्यात गाठीचा तुकडा बसवलेला असतो) आणि स्लाइड मागून घ्या. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका, मेण मऊ पडतं.