शब्दचर्चा : ‘नॉमिनेशन’ला काय म्हणावं? (निमित्त – कायदा शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांचा पुरस्कार)

चिटणीस

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची मी चिटणीस. इथून शिकून पुढे नाव काढलेल्यांना यंदापासून दरवर्षी पुरस्कार द्यायचं ठरलंय. नाव कोणीही कळवावं, वर्गमित्राने, शिक्षकांनी, अगदी अशिलानेसुद्धा. इंग्रजी अर्ज तयार आहे. तो मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

एका उत्साही सभासदाने फोनवरून यंत्राकडून मथळा करून आणला : ‘विधि विद्यालय स्नातक पूर्व छात्र उपलब्धि पुरस्कार हेतु नामांकन प्रपत्र’. यातला ‘पुरस्कार’ सोडला तर आमच्या कोर्टाच्या आवारात यातलं काहीही कोणी बोलत नाही. माझी गाडी ॲल्युम्नाय, ग्रॅज्युएट, अचीव्हमेंट आणि नॉमिनेशन या चौघांवर अडली आहे. शिवाय जो नाव कळवतो त्याला काय म्हणायचं? अर्जावर सही त्याचीच हवी आहे.

शिरस्तेदार

ताई, सगळी नोकरी कोर्टात गेली, पण ‘प्रपत्र’ मी फक्त केंद्र सरकारच्या हिंदी कागदांवर पाहिलं. आपल्याकडे ‘नमुना’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘अर्ज’.

‘स्नातक’लाही हात लावू नका. मराठीत पदवीधर. विधान परिषदेचे सात पदवीधर मतदारसंघ आहेत, दर निवडणुकीला भिंती रंगतात, त्यामुळे हा शब्द खेड्यापर्यंत पोचलेला आहे. पण ‘विधी पदवीधर’ असंही करू नका. मंत्रालयात ‘विधी व न्याय विभाग’ असेल, आमच्या गल्लीत विधी म्हणजे लग्नाचे नाहीतर दहाव्याचे. विधी पदवीधर म्हटलं की हा माणूस पौरोहित्य शिकून आलाय असं वाटतं. ‘कायद्याचे पदवीधर’ लिहा, कोणी अडणार नाही.

निरुक्ती

‘स्नातक’ मराठीत चालत नाही हे मान्य, पण शब्द टाकाऊ नाही. गुरूकडचं शिक्षण संपलं की समावर्तनाचं स्नान, ते केलेला तो स्नातक. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथात, स्नातकाचे तीन प्रकार दिलेत. विद्या पुरी केली पण व्रत पुरं केलं नाही तो विद्यास्नातक, व्रत पाळलं पण विद्या अर्धी राहिली तो व्रतस्नातक, आणि दोन्ही पुरं करणारा विद्याव्रतस्नातक. एलएलबी होऊन वकिली करायची सनदच न घेणारे कितीतरी असतात. त्यांना कोणत्या रकान्यात घालायचं ते वकिलांनी ठरवावं.

नवीसनद

हाहा, आमच्या बॅचमध्ये व्रतस्नातक बरेच. पाच वर्षं हजेरी लावली, एटीकेटी सुटली नाही.

नॉमिनेशनला अधिकृत शब्द आहेच की : नामनिर्देशन. निवडणुकीत ‘नामनिर्देशनपत्र’ असतं, बँकेत आणि हाउसिंग सोसायटीत ‘नामनिर्देशन’ असतं. वाद कशाला?

शिरस्तेदार

वाद यासाठी वकीलसाहेब, की लोकांच्या डोक्यात त्या शब्दाने आधीच घर केलंय. नामनिर्देशन म्हटलं की पक्षकार ‘वारस’ ऐकतो. खात्यावर नाव माझं आहे, पैसे माझेच, असं म्हणत भाऊ-भाऊ भांडत आलेले मी रोज पाहिलेत.

नवीसनद

आणि त्यांना रोज तेच सांगावं लागतं. विम्यातला नामनिर्देशित म्हणजे पैसे हातात घेणारा, त्याने ते वारसांसाठी सांभाळायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात सांगून टाकलं. एआयआर (निकाल छापणारं ‘ऑल इंडिया रिपोर्टर’) १९८४, सुप्रीम कोर्ट, पान ३४६. पुढे २०१५ मध्ये विमा कायदा बदलला आणि आईवडील, नवराबायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना रकमेवर खरा हक्क मिळाला. शेअर्सच्या बाबतीत मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, असं न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. तेव्हा काका, तुमचा मुद्दा मान्य. पुरस्काराच्या अर्जावर ‘नामनिर्देशित व्यक्ती’ असं छापलं तर आमच्या गावात निम्मे जण तिथे बायकोचं नाव घालतील.

चिटणीस

मग ‘नामांकन’? वर्तमानपत्रांत सर्रास येतं. ‘चित्रपटाला पाच नामांकनं.’

निरुक्ती

येतं, आणि मला खटकतं. मराठीत ‘नामांकित’ हा शब्द आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ प्रसिद्ध. ‘पुण्यातले नामांकित वकील’ म्हणजे ज्यांची फी ऐकून घाम फुटतो ते. आता ‘पुरस्कारासाठी नामांकित वकील’ हे वाचून सांगा, नाव सुचवलेले की नावाजलेले? यात ‘नामांकन’चा दोष नाही. हिंदीत त्याला नॉमिनेशन आणि नावनोंदणी असे दोन्ही अर्थ आहेत, बिहारात तर शाळेतल्या प्रवेशालाही नामांकनच म्हणतात. आपल्याकडे तो दूरचित्रवाणीच्या बातम्यांतून आला आणि ‘नामांकित’च्या शेजारी येऊन बसला. भर म्हणून आयएसओवाल्यांचं ‘मानांकन’ आहेच. घाईत तिन्हींची सरमिसळ होते.

मला वेगळंच सांगायचं आहे. नॉमिनेशनसाठी आपल्याकडे एक जुना, कसदार शब्द होता आणि तो आपण दुसऱ्याच कामाला लावून टाकला. तो म्हणजे ‘पुरस्कार’.

पुरस् म्हणजे पुढे, पुढे करणं तो पुरस्कार. तिरस् म्हणजे आडवं, बाजूला, म्हणून बाजूला सारणं तो तिरस्कार. दोघे सख्खे भाऊ. ‘स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला’, ‘विधवाविवाहाचे पुरस्कर्ते’ असं आपण म्हणतो तेव्हा मूळ अर्थ जिवंत असतो, एखादी गोष्ट पुढे आणली, तिच्या बाजूने उभं राहिलं. पुढे आणलेल्याला जे दिलं जातं त्यालाही पुरस्कार म्हणू लागलो आणि मग तोच अर्थ डोक्यावर बसला. म्हणजे ताई, तुमच्या अर्जात जो नाव पाठवतो तोच खरा पुरस्कार करतो. समारंभात शाल-श्रीफळ देतात तो त्याच्या पुरस्काराचा पुरस्कार.

शिरस्तेदार

निरुक्तीबाई, हे मात्र झकास. राजकारणात हा अर्थ अजून जिता आहे. ‘अमुक पक्ष पुरस्कृत अपक्ष’ म्हणजे पक्षाने त्याला बक्षीस दिलं असं कोणी समजत नाही, पाठीशी कोण आहे ते समजतं.

चिटणीस

पटलं, पण छापू कसं? ‘पुरस्कारासाठी पुरस्कार करण्याचा अर्ज’? अध्यक्ष मला तिथेच तिरस्कृत करतील.

नवीसनद

‘शिफारस’ घ्या ना. पद्म पुरस्कारांच्या अर्जात नॉमिनेशन आणि रेकमेंडेशन दोन्ही बरोबरच असतात.

शिरस्तेदार

शिफारशीला वशिल्याचा वास येतो. ‘आमदारांचं शिफारसपत्र आणा’ हे ऐकत म्हातारा झालो. तिथे शिफारस करणारा मोठा असतो आणि ज्याची करायची तो दारात उभा. इथे उलट आहे. अशील आपल्या वकिलाचं नाव पाठवणार, विद्यार्थी सरांचं. लहानाने मोठ्याची शिफारस करायची हे मराठी कानाला रुचत नाही.

काळा डगला

उशिरा आलो, तारीख होती.

नॉमिनेशनचा गोंधळ आपल्या घटनेच्या भाषांतरापासूनचा नाही, बोलण्यातला आहे. विधान परिषदेत ७८ जागा, त्यातल्या १२ वर राज्यपाल माणसं नॉमिनेट करतात. अनुच्छेद १७१ नुसार साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतले जाणकार. राज्यसभेत राष्ट्रपती तसेच १२ जणांना घेतात. आपण काय म्हणतो? ‘राज्यपालनियुक्त आमदार’, ‘राष्ट्रपतिनियुक्त खासदार’. म्हणजे एका ठिकाणी नॉमिनेट म्हणजे नेमूनच टाकणं, बँकेत हाताळायला नाव देणं, निवडणुकीत रिंगणात उतरणं, आणि तुमच्या अर्जात नुसतं नाव पुढे करणं. इंग्रजीने चारही कामं एका शब्दाकडून करून घेतली, म्हणून मराठीनेही घ्यावीत असं कुठे आहे? चार कामं, चार शब्द. तुमच्या कामाला ‘नाव सुचवणे’ हे क्रियापद पुरेसं आहे. नाम करण्याचा हट्ट कशाला?

निरुक्ती

अगदी. आणि मग सही करणाऱ्याचा शब्दही आपोआप सापडला : सूचक. प्रत्येक सोसायटीच्या, पतपेढीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात असतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.

चिटणीस

सूचक! रोज लिहिते हो मी तो शब्द, आठवलाच नाही. आता ॲल्युम्नाय. ‘माजी विद्यार्थी’वर आमच्याकडे एकाचा आक्षेप आहे, ‘माजी’ म्हटलं की ‘माजी नगरसेवक’ आठवतो, खुर्ची गेलेला.

नवीसनद

आमच्या हॉस्टेलमध्ये त्याला ‘माजलेले विद्यार्थी’ म्हणायचे. गॅदरिंगला फुकट जेवायला यायचे.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो. माजी अरबीतून आला, विद्यार्थी संस्कृतातून, आणि दोघांचा संसार कित्येक वर्षं सुखाचा चाललाय. ‘आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळावा’ यातली गंमत ‘पूर्वछात्रां’त येईल का?

‘ॲल्युम्नाय’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पोसलेलं मूल. पोसणं या धातूवरून. म्हणून आपल्या कॉलेजला इंग्रजीत ‘अल्मा माटर’, म्हणजे पोसणारी आई, म्हणतात. त्याच शब्दापासून पोर्तुगीजमध्ये ‘आलुनु’ झाला, पण तिथे त्याचा अर्थ आज शिकणारा विद्यार्थी. जुन्याला ‘आंतीगु आलुनु’, म्हणजे शब्दशः माजी विद्यार्थी! इंग्रजीने नुसत्या ‘पोसलेल्या’लाच माजी ठरवलं, पोर्तुगीजला आपल्यासारखंच विशेषण जोडावं लागलं. तेव्हा ‘माजी विद्यार्थी’ला कमी लेखू नका. बार कौन्सिल महाराष्ट्राची आणि गोव्याची एकच आहे, शब्दही एकच राहू द्या.

काळा डगला

सहमत. पण एक कायदेशीर खोच. ‘कायद्याचे पदवीधर’ आणि ‘माजी विद्यार्थी’ हे एक नव्हेत. पात्रतेच्या अटीत कोणता लिहिणार, यावर निकाल बदलतो.

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं. टिळक १८७९ मध्ये एलएलबी झाले, म्हणजे नक्कीच पदवीधर. पण त्यांनी पक्षकारांची वकिली करून पोट भरलं नाही. पुण्यात वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालवले, आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली. तुमच्या अर्जात ‘वकिली व्यवसायातील कामगिरी’ असं असेल तर टिळकांचा अर्ज छाननीत बाद! यशवंतराव चव्हाण पुण्याच्या लॉ कॉलेजचे. त्याच कॉलेजने गजेंद्रगडकर आणि यशवंत चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश दिले. त्यांचं ठीक आहे, पण यशवंतरावांना कोण वकील म्हणून ओळखतं?

दुसरी बाजू आणखी टोकाची. कॉर्नेलिया सोराबजी जन्माने नाशिकच्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. ऑक्सफर्डला जाऊन कायद्याची परीक्षा त्या १८९२ मध्ये उतरल्या. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. ते दार १९२० मध्ये उघडलं आणि पदवी हातात आली १९२२ ला. मधली तीस वर्षं त्या ऑक्सफर्डच्या माजी विद्यार्थिनी होत्या, ऑक्सफर्डच्या पदवीधर नव्हत्या. इकडे बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आला १९२३ मध्ये. म्हणून म्हणतो, मथळ्यात ‘माजी विद्यार्थी’ ठेवा आणि ‘पदवीधर’ काढूनच टाका.

निरुक्ती

वा, हे माहीत नव्हतं. मग ‘पदवीधर’ नकोच. एक पुरवणी : मजकुरात विद्यार्थिनी असं एकदा तरी स्वतंत्र येऊ द्या. आणि कोणी ‘वकीलीण’ लिहू नये, मराठीत ती वकिलाची बायको.

संत्रानगरी

अचीव्हमेंटचं कोणी बोलेना म्हणून आलो. ‘उपलब्धी’ नको. आमच्याकडे उपलब्ध म्हणजे दुकानात माल आहे. ‘कामगिरी’ वाईट नाही, पण ती कोणीतरी सोपवलेली असते. हवालदाराला कामगिरीवर पाठवतात. ‘जीवनगौरव’ दिला तर चाळिशीच्या वकीलबाई विचारतील, माझी प्रॅक्टिस बंद झाली असं कोणी सांगितलं? ‘कर्तृत्व’ घ्या. स्वतः करून दाखवलेलं.

अजून एक, इंग्रजी अर्जात ‘सायटेशन’ असेल तर सांभाळा. आमचं नागपूर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरचं गाव. इथल्या वकिलाला सायटेशन मागितलं तर तो खटल्याचं नाव, साल आणि पान लिहून देईल, जसं वर नवीसनदने दिलं. तुम्हाला हवं आहे ते मानपत्र.

चिटणीस

खरंच, इंग्रजीत ‘सायटेशन, ३०० शब्द’ असंच आहे! मानपत्र समारंभात वाचतात ना पण? इथे तर आधी लिहून मागायचंय.

संत्रानगरी

मग ‘परिचय व कर्तृत्वाची माहिती’ लिहा. निवड झाली की त्याचंच मानपत्र होईल. पद्मसाठी ८०० शब्द मागतात, तुमचे ३०० म्हणजे सूचकांवर दया.

शिरस्तेदार

पद्मला स्वतःचं नाव स्वतः पाठवता येतं. तुमच्याकडे?

चिटणीस

तो प्रश्न कालच बैठकीत रंगला. ‘सूचक’ शब्द लिहिला तेव्हाच त्याचं उत्तर मिळालं. स्वतःचा सूचक स्वतः कसा होणार? अध्यक्ष म्हणाले, असू दे, दुसरा माणूस हवाच. शेवटी ठरलं ते असं : मथळा ‘माजी विद्यार्थी कर्तृत्व पुरस्कार – नाव सुचवण्याचा अर्ज’. खाली ‘सूचकाचे नाव व सही’, ‘ज्यांचे नाव सुचवत आहात त्यांची संमती’, आणि ‘परिचय व कर्तृत्वाची माहिती, ३०० शब्दांत’. नियमांत एक वाक्य निरुक्तीताईंच्या सन्मानार्थ घातलंय : ‘ज्यांचा पुरस्कार करावासा वाटतो अशा माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींची नावे पाठवावीत.’ छपाईला जायच्या आधी कोणाला काही खटकत असेल तर आजच सांगा.

मांडवीकाठ

मस्त. आता कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी समारंभ उरका, म्हणजे फोटोही कामी येतील.

शिरस्तेदार

एकच. नावाच्या रकान्यात ‘श्री./श्रीमती’ एवढंच ठेवलंत तर गोंधळ होईल. आधी ‘ॲड.’ला जागा सोडा. नाहीतर निम्मे अर्ज ‘दुरुस्त करून द्यावा’ म्हणून परत येतील.