आघातातून गेलेल्यांचं लेखन: वहीत राहू द्यावं की मोहिमेत आणावं?

काठावरची
अत्याचार, युद्ध, जीवघेणा अपघात यांतून गेलेल्यांसाठी लेखन कार्यशाळा घ्यायची आणि तिथलंच लिखाण जनजागृतीसाठी वापरायचं, याला माझा विरोध आहे. लेखनाला नाही, दोन्ही कामं एकात मिसळण्याला. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्र संशोधकांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. ते लिखाण लोकांपुढे जाणार नव्हतं, हे विसरू नका. छापून येणार म्हटलं की माणूस वाचकासाठी लिहितो, शेवटी उभारी आणतो. ज्याला उभारी आलेलीच नाही त्याने काय करायचं?

दुसरापक्ष
अजिबात पटलं नाही. "कुणाला सांगू नकोस" हेच ऐकत आलेल्या माणसाला आपणही वही मिटून ठेवायला सांगायचं? व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी गट करून बोलायला सुरुवात केली, काही मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, लढले. म्हणून १९८० मध्ये पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) हे निदान तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. ते सगळे आपापल्या वहीत लिहीत बसले असते, तर पुढच्यांना उपचार कुठून मिळाले असते?

काठावरची
सैनिक आपणहून बोलले. मी बोलतेय ती संस्थांनी देणगीदारांच्या अहवालात चिकटवलेल्या, कार्यशाळेतल्या कवितांबद्दल. आणि तराना बर्क यांनी २००६ मध्ये सुरू केलेली 'मी टू' चळवळ २०१७ मध्ये जगभर पसरली ती दोन शब्दांवर. तपशील द्यायची सक्ती कुणावरच नव्हती.

शाईदौत
मी असे लेखनगट घेते, म्हणून थोडं सविस्तर. तुम्ही दोघंही आत्मकथनच धरून बोलताय. सर्जनशील लेखनाचा खरा उपयोग अंतर मिळण्यात आहे. 'मी' लिहिताना हात थांबतो तिथे 'ती' लिहिता येतं. कुणी फक्त त्या खोलीतल्या पंख्याबद्दल लिहितं, घटनेचा उल्लेखही नसतो, आणि तेवढं त्या दिवशी पुरतं. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत एकेकाळी जोरात होती. तिचा फायदा दिसेना, तेव्हा ती वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं. त्यामुळे "मनमोकळं लिहा, हलकं वाटेल" असं मी कुणालाही म्हणत नाही. थेट घटनेवर लिहून घेण्याचे उपचारही आहेत, पाचेक सत्रांचे, त्यांचे निकालही चांगले आहेत, पण ते प्रशिक्षित समुपदेशकाचं काम. लेखकाने तिथे शिरू नये.

छापण्याबद्दल आमच्याकडे एकच नियम: गट चालू असताना विषयच काढायचा नाही. गट संपून काही महिने गेले की विचारायचं. तोवर कितीतरी जणांना ते लिखाण परकं वाटू लागतं, आणि काहींना ते जगाला ओरडून सांगायचं असतं.

दुसरापक्ष
शाईदौत, हे "काही महिने" कोण ठरवतं? तुम्हीच ना? आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच लिहून ठेवलंय की सावरण्याची सूत्रं त्या व्यक्तीच्याच हातात हवीत. तिचं भलं आपल्यालाच कळतं, असं मानून घेतलेला निर्णयही तिचा अधिकार काढून घेतो. एखादीला आजच, स्वतःच्या नावानिशी लिहायचं असेल तर?

शाईदौत
तिने जरूर लिहावं, मी अडवणारी कोण? पण गटात आठजणी आहेत. एकीने नाव दिलं की उरलेल्या सातजणींवर न बोलताच दडपण येतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

काठावरची
मग मुदत तिलाच ठरवू दे, मला चालेल. पण विचारणारी व्यक्ती संस्थेची नको. ज्यांनी महिनोन्महिने आधार दिला त्यांना "नाही" म्हणणं फार जड जातं.

दुसरापक्ष
हे मान्य. आणि एकदा दिलेलं "हो" छपाईच्या आदल्या दिवशीसुद्धा, कारण न देता, मागे घेता आलं पाहिजे. बाकी माझं म्हणणं कायम आहे.