बल्किंग आणि फोमिंग: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: सांडपाणी शुद्धीकरणावरचा मजकूर मराठीत आणतोय. 'फिलामेंटस बॅक्टेरिया'ला तंतुमय जिवाणू म्हटलं, तिथे अडलं नाही. पण 'बल्किंग' आणि 'फोमिंग' दोन्हींना 'फेस येणे' चालेल का? जिवाणू तर तेच.

– नाही चालणार. बल्किंग म्हणजे गाळ फुगणे. गाळ म्हणजे इथे पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचे पुंजके. तंतू गाळाच्या पुंजक्यांतून बाहेर येऊन एकमेकांत अडकतात आणि गाळ दाटून खाली बसत नाही. प्लांटवरची माणसं सरळ 'स्लज बसत नाही' म्हणतात. मोजपात्रात 30 मिनिटं ठेवल्यावर एक ग्रॅम सुक्या गाळामागे 150 मिलिलिटरपेक्षा जास्त जागा व्यापली, की गाळ फुगला असं साधारण धरतात. यात फेसाचा पत्ताही नसेल.

– फोमिंगला 'फेस' ठीक, पण नुसता नको. नवीन टाकी सुरू करताना येणारा पांढरा, हलका फेस वेगळा. गाळ तयार झाला की तो जातो. तंतुमय जिवाणूंचा फेस तपकिरी, चिकट, साईसारखा जाड. गॉर्डोनिया या तंतुमय जिवाणूच्या पेशीभित्तिकेत मायकोलिक आम्लं असतात, म्हणून ती पाण्याला दूर सारते. पेशी हवेच्या बुडबुड्यांना धरून वर येतात. मी 'जैविक फेस' लिहितो. कुणी 'तवंग' सुचवेल, पण तवंग म्हटलं की तेलाचा पातळ थर आठवतो.

– 'तेच जिवाणू' हेही अर्धंच खरं. मायक्रोथ्रिक्स पार्व्हिसेला दोन्ही उद्योग करतो, त्यातही थंडीत जास्त. स्फेरोटिलस मात्र कमी ऑक्सिजनमध्ये वाढून मुख्यतः गाळच फुगवतो.

प्रश्नकर्ता: आणि 'स्लज एज'?

– 'गाळाचं वय'. गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो, ते. गाळ जास्त काढून टाकला की वय उतरतं आणि सावकाश वाढणारे फेसाचे जिवाणू मागे पडतात. पण आडभिंतीमागे अडकलेला फेस तिथेच राहतो, त्यातले जिवाणू त्या वयाला जुमानत नाहीत. तो वरून काढून बाहेरच न्यावा लागतो, पुन्हा टाकीत सोडायचा नाही.

– शब्द वेगळे ठेवाच, कारण उपायही वेगळे आहेत. फुगलेल्या गाळासाठी क्लोरीन परतीच्या गाळात, म्हणजे खाली बसल्यावर टाकीत परत पाठवतात त्या गाळात, सोडतात. फेसातले जिवाणू वर तरंगत असतात, त्यांच्यापर्यंत ते नीट पोचत नाही. तिथे क्लोरीनचं पाणी पृष्ठभागावर फवारतात. मजकुरात दोन्हींना 'फेस' लिहिलंत, तर वाचणारा क्लोरीन भलतीकडेच ओतेल.