ऑप्टिप्लेक्स ९०२० ला ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय, बजेट १५ हजार. काय घेऊ?

बिंदू_चौक:
मंडळी, रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० कॉम्प्युटर आहे, मोठा टॉवर. आय७-४७९०, १६ जीबी रॅम, सप्लाय कंपनीचाच २९० वॅटचा. प्रीमिअरवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री थोडं जीटीए. कार्ड आणि सप्लाय मिळून १५ हजार, वर एक रुपया नाही. मॉनिटर जुना, व्हीजीएवाला. कोल्हापुरातच घ्यायचंय, ऑनलाइन नको.

कट_वाढवा:
भावा, आरटीएक्स ४०६० घे. ११५ वॅटच खातंय. माझ्याकडं हायच, नाद खुळा.

बिंदू_चौक:
१५ हजारात?

कट_वाढवा:
बजेट वाढव की जरा. रोज रोज घेणार हायस व्हय?

उद्यमनगर_लेथ:
कार्डाचं नंतर, आधी झाकण काढून बघा. ९०२० च्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिनी वायर बसत नाही, तिथं डेलचं स्वतःचं ८ पिनी सॉकेट आहे. बाजारातला कुठलाही सप्लाय आणला तरी २४ ते ८ पिन कन्व्हर्टर लागणार. मागताना '९०२० साठी' असं सांगूनच मागा. लिनोवोचे कन्व्हर्टर शेजारीच टांगलेले असतात, दिसायला भावकीतलेच, पण पिनांची मांडणी वेगळी.

प्रोसेसरची वायर नव्या सप्लायला ४+४ येते. ती मधून सोडवा, चारच पिना लावा, बाकीच्या चार लोंबू देत. कार्डाची वायर ६+२ असते. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा बरोब्बर उलट्या. खोबण जुळत नसेल तर जोर लावू नका, कार्ड जाईल.

तांबडा_पांढरा:
सप्लाय बदलायचाच कशाला? कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅट मिळतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटचं आहे, वरून वायर लागत नाही. प्रोसेसर ८४ वॅटचा, बाकी डिस्क, पंखे, रॅम धरलं तरी २९० मध्ये आरामात बसतं. फक्त खोक्यावर '६ जीबी' वाचून घ्या. ८ जीबीवालं १३० वॅटपर्यंत जातं आणि त्याला ८ पिनी वायर लागते. दुकानात दोन्हींना '३०५०' च म्हणतात.
जीटीएक्स १६५० पण चालेल, ७५ वॅट. मात्र त्याच्या काही मॉडेलना ६ पिनी वायर लागते, तेव्हा कार्डाची वरची कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मिरजकर_तिकटी:
आरएक्स ६४०० घ्या की, ५३ वॅट. सगळ्यात कमी वीज.

उद्यमनगर_लेथ:
एडिटिंगला? त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे व्हिडिओ फाइल बनवणारा भाग. एक्स्पोर्टचा सगळा भार परत प्रोसेसरवर. शिवाय त्याला चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा. कार्ड पीसीआय एक्स्प्रेस ४.० चं आणि ९०२० चा स्लॉट ३.० चा, म्हणजे वाट निम्मी. ६५०० एक्सटीचंही तेच रडगाणं.

कट_वाढवा:
४०६० ला एन्कोडर हाय. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा सुद्धा.

तांबडा_पांढरा:
कळलं हो!

पन्हाळा_धुकं:
जुनं आरएक्स ५८० कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. १८५ वॅट खातं आणि क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळून निघालेलं असतं. त्यात २०४८एसपी नावाची कमी ताकदीची जात ५८० म्हणूनच खपवतात. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडर (चिपमधले छोटे प्रोसेसर) बघायचे, अस्सल असेल तर २३०४. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० सुद्धा नको, त्या पिढीला नव्या गेमसाठीचे 'गेम रेडी' ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरपासून बंद.

सप्लाय घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली अँपिअर किती ते बघा. '४५० वॅट' लिहिलेल्या स्वस्तातल्या डब्यावर १४ अँपिअर दिसले तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. कंपनीचा २९० चा त्यापेक्षा बरा. चांगल्या ४५० मध्ये ३५ च्या आसपास अँपिअर असतात.

मिरजकर_तिकटी:
१००० वॅटचा घेऊन ठेवा, पुढं काळजी नाही.

पन्हाळा_धुकं:
आणि वीजबिल कुणी भरायचं?

उद्यमनगर_लेथ:
वीजबिल तेवढंच येतं, मशीन जेवढं ओढेल तेवढंच. पण १००० चे पैसे कार्डात घाला, एवढं मात्र खरं. आणि साटाच्या, म्हणजे डिस्कच्या, वायरीतून ६ पिन काढणारे कन्व्हर्टर फुकट मिळाले तरी घेऊ नका. साटाचा कनेक्टर ५४ वॅटपर्यंतच, ६ पिनवर कार्ड ७५ ओढू शकतं. आधी प्लास्टिक वितळतं, मग वास येतो.

तांबडा_पांढरा:
यूपीएस कुठला आहे? ६०० व्हीएचे स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहर देतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (वीज नीट ओढणारं सर्किट असलेल्या) सप्लायपैकी काही त्यावर लाईट गेली की धाडकन रीस्टार्ट होतात. पावसाळ्यात आपल्याकडं लाईटचा भरवसा काय ते सांगायला नको.

पन्हाळा_धुकं:
अर्थिंग पण तपासा. कॅबिनेटला उलटा हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. सप्लाय बदलून मुंग्या जात नाहीत, वायरमन लागतो.

तांबडा_पांढरा:
मूळ मुद्दा राहिला. फुटेज कुठलं? ४:२:२ १० बिट (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) असेल तर टाइमलाइन अडकते ती कार्ड कमजोर म्हणून नाही. एनव्हिडिआच्या ५० सिरीजच्या आधीच्या कुठल्याच कार्डाला ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही.

कट_वाढवा:
४०६० ला पण नाही?

तांबडा_पांढरा:
नाही. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, करा आणि त्या साध्या साटा एसएसडीवर ठेवा. कार्डाचा उपयोग इफेक्ट, रंग आणि एक्स्पोर्टला.

बिंदू_चौक:
४:२:२ च आहे. प्रॉक्सी करतो, ते जमेल. व्हीजीएचं काय?

उद्यमनगर_लेथ:
नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, आत चिप असलेला. केबल कार्डाच्या पोर्टलाच लावा. मदरबोर्डला लावून 'डिस्प्ले येईना' म्हणणारे महिन्याला चार भेटतात. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) आधीच अपडेट करा, कार्ड बसवल्यावर नाही. आणि मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीनं मोजा. तीन पंख्यांचं कार्ड तिथं अडतं.

मिरजकर_तिकटी:
९०२० ला २४ पिन बसत नाही, लक्षात ठेवा.

बिंदू_चौक:
सगळ्यांचे आभार. ठरलं. राजारामपुरीत एकाकडं जुनं जीटीएक्स १६६० सुपर आहे, दोन पंख्यांचं. १२५ वॅट, एक ८ पिन. सोबत नवा ५५० चा सप्लाय, कन्व्हर्टर धरून १५ मध्ये बसतंय.

तांबडा_पांढरा:
एवढं लिहिलं ते कुणासाठी?

बिंदू_चौक:
३०५० पेक्षा गेमला बरं वाटतंय हो.

पन्हाळा_धुकं:
मग निदान दुकानातच चालवून बघा. जीपीयू-झेडमध्ये १४०८ शेडर आणि ६ जीबी जीडीडीआर६ दिसायला हवं. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) १५ मिनिटं. पडद्यावर ठिपके किंवा रेघा आल्या तर तिथंच परत द्या. तापमान ८५ च्या वर जात असेल तर चिपची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट आणि पॅड बदलायचा खर्च भावातून वजा करा. कार्ड २०१९ चं मॉडेल आहे, वॉरंटी धरू नका.

उद्यमनगर_लेथ:
सप्लाय काढताना मेनची वायर काढून पॉवरचं बटण पाच सेकंद दाबा, उरलेली वीज उतरते. कार्डाला सप्लायच्या डब्यात आलेलीच ६+२ वायर लावा, जुन्या मॉड्युलर (सुट्या वायरींच्या) सप्लायची नाही.

मिरजकर_तिकटी:
तो निघालेला २९० चा सप्लाय विकणार का? माझ्याकडं पण ९०२० आहे.