पहिल्या सेटअपमध्ये कुठल्या स्क्रीन ठेवायच्या, कुठल्या उडवायच्या?

कोरीपाटी:
छोट्या टीमना कामं वाटून घेण्यासाठी मोबाइल ॲप आहे. सध्याचा क्रम: ओळखीच्या तीन स्क्रीन, मोबाइल नंबर, ओटीपी, नाव-फोटो, टीमचं नाव, सदस्यांना आमंत्रण, नोटिफिकेशन आणि काँटॅक्ट्सची परवानगी. मग कामांची रिकामी यादी. सगळ्यात जास्त गळती (म्हणजे अर्ध्यातून सोडून जाणारी माणसं) ओटीपीवर आणि आमंत्रणावर. काय कापू? आणखी एक कोडं: अँड्रॉइडवर ओटीपी आपोआप भरणं टेस्टिंगमध्ये चालतं, प्ले स्टोअरवरच्या ॲपमध्ये नाही.

आधी_काम:
स्क्रीन मोजत बसू नका. प्रत्येक प्रश्नाला विचारा, याच्या उत्तरावाचून पहिलं काम लिहिता येत नाही का? फोटो गेला. टीमचं नाव 'माझी टीम' असं आपणच भरा, नंतर बदलू द्या. भाषा आणि टाइमझोन फोनला माहीत असतात.

आमंत्रण जागा चुकून बसलंय. ज्याने अजून एकही काम लिहिलं नाही तो चारचौघांना कशाला बोलावेल? पहिलं काम लिहून झालं आणि 'कोणाकडे?' वर बोट गेलं की तिथे मागा. शेअर लिंक द्या किंवा सिस्टिमचा काँटॅक्ट पिकर उघडा. तो फक्त निवडलेला नंबर देतो, त्याला काँटॅक्ट्सची परवानगी लागत नाही.

लॉगिनही तिथवर पुढे ढकलता येईल. तोपर्यंतची कामं फोनवर ठेवा आणि लॉगिननंतर खात्याला जोडा. त्या नंबरचं खातं आधीपासून असेल तर दोन्ही याद्या एकत्र करा. जुनी यादी पुसली गेली तर तो माणूस परत येत नाही.

दुसरा_प्रयत्न:
ओटीपीचं कोडं बहुतेक हॅशचं, म्हणजे मेसेज कुठल्या ॲपसाठी आहे ते सांगणाऱ्या खुणेचं आहे. एसएमएस रिट्रीव्हर (मेसेजमधला कोड ॲपला आपोआप देणारी गूगलची सोय) वापरत असाल तर मेसेजमधला ११ अक्षरी हॅश पॅकेजचं नाव आणि साइनिंग सर्टिफिकेट (ॲपवरच्या डिजिटल सहीचा दाखला) यांवरून बनतो. प्ले ॲप साइनिंगमध्ये अंतिम सही गूगलच्या कीने होते, म्हणून हॅश बदलतो. प्ले कन्सोलमधलं सर्टिफिकेट घेऊन तो नव्याने काढा. मेसेज १४० बाइटच्या आत हवा.

बाकी गळतीची नेहमीची कारणं:

कोड बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, कमी रॅमच्या फोनवर तेवढ्यात ॲपची प्रोसेस मरते, परत आल्यावर पुन्हा पहिली स्क्रीन. नंबर आणि चालू पायरी लगेच डिस्कवर लिहा. तपासायला डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बॅकग्राउंड प्रोसेस शून्यावर ठेवा.

'पुन्हा पाठवा' दाबलं की नवा कोड बनतो आणि पहिला मेसेज उशिरा येतो. तो टाकला की 'चुकीचा कोड'. मुदत संपेपर्यंत तोच कोड पाठवा. आणि सहा वेगळे चौकोन नकोत, त्यात पेस्ट करणं हमखास बिघडतं.

परवानग्यांबद्दल: आयओएसवर नोटिफिकेशनची खिडकी एकदाच येते. अँड्रॉइड ११पासून एखादी परवानगी दोनदा नाकारली की सिस्टिम पुन्हा विचारत नाही. त्यामुळे पहिलं काम कोणाकडे तरी दिल्यावर 'ते पूर्ण झालं की कळवू का?' असं आपल्या स्क्रीनवर विचारा, 'हो' म्हटलं तरच खरी खिडकी. अँड्रॉइड १३वर एक खोच आहे: ॲपचं टार्गेट (ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी ॲप बनवलं ती) त्याहून जुनं असेल तर पहिलं नोटिफिकेशन चॅनेल (नोटिफिकेशनचा एक गट) बनलं की सिस्टिम स्वतःच विचारते. सुरुवातीलाच चॅनेल बनवणारी एखादी लायब्ररी असेल तर तुमचा सगळा क्रम वाया.

कोरीपाटी:
सर्टिफिकेट अपलोड कीचंच (प्लेवर चढवताना मी सही करते त्या कीचं) वापरलं होतं, बदलते. ओळखीच्या स्क्रीनचं काय?

रिकामी_चौकट:
काढा. 'पुढे, पुढे' करत त्या न वाचताच जातात. तेच काम रिकाम्या यादीकडून करून घ्या: एक वाक्य, एक बटण, कर्सर थेट कामाच्या नावात. नमुन्याची कामं टाकायची असतील तर त्यांवर 'नमुना' लिहा आणि एका टॅपमध्ये सगळी पुसता येऊ द्या, नाहीतर ती खऱ्या कामांत मिसळतात आणि तुमचे आकडेही फुगवतात.

मोजताना 'सेटअप पूर्ण' हा इव्हेंट फसवा असतो. दुसऱ्या सदस्याने पहिलं काम पूर्ण केलं का, ते मोजा. जुन्या युजरना नवा क्रम दाखवू नका. ॲप पुन्हा इन्स्टॉल केलं की 'सेटअप झालाय' ही फोनवरची खूण जाऊ शकते, म्हणून ती सर्व्हरवरही हवी.