एनके पेशी : उत्तेजन न देताच फॉस्फो-ईआरके चढलेला, मदत हवी आहे

माणसाच्या रक्तातून एनके पेशी (नॅचरल किलर, म्हणजे संसर्ग झालेल्या वा कर्करोगी पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) निगेटिव्ह सिलेक्शनने, म्हणजे बाकीच्या पेशी काढून टाकून, वेगळ्या करतोय. पेशीवरच्या खुणांनुसार सीडी३ निगेटिव्ह, सीडी५६ पॉझिटिव्ह ९५ टक्क्यांवर, तिथे तक्रार नाही. पण सीडी१६ (पेशीला चेतवणारा रिसेप्टर) अँटिबॉडीने क्रॉसलिंक करण्याआधीच, शून्य मिनिटाच्या नळीत फॉस्फो-ईआरके (ईआरके या संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाचं चालू झालेलं रूप) चढलेला असतो आणि २ मिनिटांचा फरक त्यातच बुडतो. नुसत्या पेशी आणि आयसोटाइप (सीडी१६ला न चिकटणारी, तुलनेसाठीची अँटिबॉडी) दोन्हींत तेच, म्हणजे अँटिबॉडीचा दोष नसावा. आयएल-२ (एनके पेशींना चेतवणारं प्रथिन) शिवाय १० टक्के सीरममध्ये रात्रभर ठेवून पाहिलं, थोडाच उतरला. फिक्सिंग १.६ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने थेट नळीत, मग गार मिथेनॉल.

वेस्टर्न ब्लॉट सुचवू नका, त्याला पेशी जास्त लागतात. दात्याचं रक्त २० मिली, पेशी जेमतेम १०-१५ लाख. पॉझिटिव्ह सिलेक्शनही (हव्या त्या पेशीच मण्यांनी पकडणं) नको, सीडी५६ला मणी लागले की पेशी आधीच चाळवायची भीती.

शेवटच्या धुण्यानंतर सीरमविना ३७ अंशांवर किती वेळ विसावा दिला, तर पेशी न मरता ईआरके खाली बसतो?